भट्टीतून आलेला तांबूस रंग

बिअरच्या परीक्षणाला बसलं की तांबूस लागरच्या फेरीत माझा शेजारच्या परीक्षकांशी हमखास वाद होतो. पेल्यातली बिअर दिसायला देखणी असते, लालसर तांबूस, वर फेसाचा दाट थर. पहिल्या घोटाला टॉफीची गोडी लागते, ती जिभेवर बराच वेळ रेंगाळते आणि टेबलावरचे दोघंतिघं खुशीने गुण देऊन मोकळे होतात. मी मात्र हात आखडता घेते. बिअर म्हणून ती वाईट नसते. पण ती व्हिएन्ना लागर म्हणून स्पर्धेत उतरलेली असते आणि व्हिएन्ना लागरमध्ये टॉफी आली कुठून, हे मला कळत नाही. या बिअरचा रंग भट्टीच्या तापातून आलेला आहे, करपवलेल्या साखरेशी त्याचा काही संबंध नाही. माझ्या जिभेची आवड म्हणून मी हे म्हणत नाही. ही बिअर कशी जन्माला आली ते पाहिलं की दुसरं काही म्हणताच येत नाही.

मी पुण्याजवळच्या एका मायक्रोब्रुअरीत काम करते. बर्लिनला ब्रुइंग शिकत होते तेव्हा सुट्टीत व्हिएन्नाला गेले आणि तिथून लोकल गाडी पकडून श्वेखाटला. हे नाव आज लोकांना विमानतळामुळे ठाऊक आहे. आमच्या धंद्यातल्या माणसाला ते आंटोन ड्रेहर या माणसामुळे ठाऊक असतं.

ड्रेहरकडे जाण्याआधी भट्टीविषयी थोडं सांगायला हवं, कारण सगळं तिथेच आहे. जव भिजवायचा, त्याला मोड आणायचे, मोड हवे तेवढे आले की गरम हवेत वाळवून ते थांबवायचे. या वाळलेल्या दाण्याला माल्ट म्हणतात. दाण्यात ओल असतानाच भट्टी तापवली तर स्टार्चची साखर करणारी एन्झाइम्स मरतात. आधी मंद हवेत ओल काढली आणि ताप शेवटी चढवला तर एन्झाइम्स तगतात आणि दाण्याला रंगही चढतो. पिल्सनर माल्टची भट्टी शेवटी साधारण ८० ते ८५ अंश सेल्सियसवर थांबते, व्हिएन्ना माल्टची ९० च्या पुढे जाते आणि म्युनिक माल्टची १०० ते १०५ पर्यंत. एवढ्याशा फरकावर तीन वेगळ्या बिअर उभ्या आहेत. त्या शेवटच्या काही तासांत दाण्यातली साखर आणि अमिनो आम्लं एकमेकांशी जोडली जातात. लुई कामिय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये या क्रियेचं वर्णन केलं आणि ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. पावाची कड खमंग होते ती याच क्रियेने. व्हिएन्ना माल्टची मूठ नाकाशी धरली की नेमका तोच वास येतो.

आता ताप शेवटी काही अंशांनी चढवायचा तर तो हातात असायला हवा. बव्हेरियातल्या पुष्कळ भट्ट्यांत लाकडाचा धूर आणि गरम हवा एकत्रच दाण्यांतून जात असे. कुठे दाणा करपे, कुठे कच्चा राही, आणि सगळ्याला धुराचा वास. इंग्लंडमध्ये कोकवर माल्ट वाळवायची रीत बरीच आधी पडली होती. पुढे तिथे अशा भट्ट्या आल्या की जाळ एकीकडे आणि दाण्यांतून जाणारी स्वच्छ गरम हवा दुसरीकडे. शिवाय इंग्लिश ब्रुअरच्या हातात थर्मामीटर आला होता आणि सॅकरोमीटरही. सॅकरोमीटर म्हणजे माल्टच्या गोड पाण्यात, ज्याला आम्ही वर्ट म्हणतो, साखर किती आहे ते सांगणारी तरंगती काचेची नळी. हल शहरातल्या जॉन रिचर्डसन या ब्रुअरने १७८४ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिलं आणि हिशेब हा ब्रुइंगचा भाग झाला.

ड्रेहर घराण्याने क्लाइन-श्वेखाटची ब्रुअरी १७९६ मध्ये घेतली होती. आंटोनचा जन्म १८१० चा. तो दहा वर्षांचा असताना वडील गेले आणि ब्रुअरी आईने सांभाळली. मुलगा शिकायला बाहेर पडला आणि म्युनिकच्या स्पाटेन ब्रुअरीचा वारस गाब्रिएल झेडलमायर याच्याशी त्याची गट्टी जमली. झेडलमायर त्याच्याहून एका वर्षाने लहान. १८३३ मध्ये हे दोघं इंग्लंड-स्कॉटलंडला गेले. तिथल्या ब्रुअरीमालकांनी त्यांना हिंडू-फिरू दिलं, जेवायला बोलावलं, पण आकडे काही हाती लागू दिले नाहीत. मग या दोघांनी पोलादाची एक पोकळ काठी करून घेतली. खालच्या टोकाला झडप. आंबत्या हौदाशी उभं राहायचं, कुणाचं लक्ष नसताना काठी आत बुडवायची, थोडा द्रव आत आला की झडप बंद. मुक्कामी परतल्यावर तो द्रव मोजायचा. झेडलमायरने घरी लिहिलेल्या पत्रात या प्रकाराला सरळ चोरी म्हटलं आहे.

या गोष्टीत लोकांना काठी आवडते. मला त्यांची संध्याकाळ महत्त्वाची वाटते. काठीत आलेल्या चार घोटांत पाककृती नव्हती. आज साखर किती, काल किती होती, म्हणजे आंबवण कुठवर आली, एवढंच त्यातून कळत होतं. बाविशी-तेविशीतली ही दोन मुलं खोलीत बसून रोज हे आकडे मांडत राहिली आणि घरी जाताना आकडा मांडायची सवय घेऊन गेली. त्या काळच्या मध्य युरोपात ब्रुअर बोट बुडवून आणि चाखून ठरवत असे. माझ्या टाकीपाशी आजही सॅकरोमीटरची वही असते. तिच्यात एखाद्या दिवसाची नोंद राहिली तर नंतर त्या बिअरविषयी मी छातीठोक काही बोलू शकत नाही.

ड्रेहरने १८३६ मध्ये ब्रुअरी स्वतःकडे घेतली. व्हिएन्नात तेव्हा वर आंबणाऱ्या यीस्टच्या बिअर चालत. हे यीस्ट उबेत काम करतं, फेसाबरोबर वर येतं, बिअर चार दिवसांत तयार होते आणि उन्हाळ्यात चार दिवसांत आंबटही होते. बव्हेरियात तळाशी बसणारं यीस्ट होतं. ते थंडीत, सावकाश काम करतं आणि त्यातून लागर बनते. तिथे १५५३ पासून २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात ब्रुइंगला बंदीच होती. उन्हाळ्यातल्या बिअर नासतात म्हणून घातलेल्या त्या बंदीमुळे पिढ्यान्‌पिढ्या थंडीत टिकणारं यीस्टच निवडलं गेलं. ड्रेहरने दोन्हीकडचं घेतलं. बव्हेरियाचं तळाचं यीस्ट आणि थंड तळघर, इंग्लंडची स्वच्छ गरम हवेची भट्टी आणि सॅकरोमीटर. १८४१ मध्ये श्वेखाटहून त्याची तांबूस लागर बाहेर पडली. त्याच वर्षी म्युनिकला झेडलमायरने आपली मेर्झेन काढली. त्याने भट्टी थोडी अधिक चढवली, म्हणून त्याचं माल्ट जरा गडद. पुढच्याच वर्षी, ५ ऑक्टोबर १८४२ रोजी, बोहेमियातल्या पिल्सेनला योसेफ ग्रोल या बव्हेरियन ब्रुअरने भट्टी मंद ठेवून केलेल्या माल्टची पहिली सोनेरी लागर घातली. दीड-दोन वर्षांच्या आत तिन्ही भट्ट्या आणि तिन्ही रंग.

ड्रेहरची बिअर नुसत्या व्हिएन्ना माल्टची होती. माझा सगळा वाद या एका गोष्टीवर उभा आहे. ९० अंशांच्या पुढे गेलेल्या या दाण्यात एन्झाइम्स जिवंत राहतात, त्यामुळे त्याला दुसऱ्या फिकट माल्टचा आधार लागत नाही. रंग आणि खमंगपणा देऊनही आपली साखर आपणच बनवायची ताकद त्यात उरते. शिवाय व्हिएन्नात मॅश तीनदा उकळत. म्हणजे भिजवलेल्या माल्टचा दाट भाग काढून वेगळ्या कढईत उकळायचा आणि परत मूळ हौदात ओतायचा. एकूण ताप एकेक पायरी चढतो, उकळलेल्या भागातला स्टार्च मोकळा होतो आणि तोच खमंग वास आणखी खोल होतो. ही साखर यीस्ट जवळजवळ सगळी खाऊन टाकतं. म्हणून बिअरचा वास भरघोस, पण घोट घेतल्यावर तोंड कोरडं. क्रिस्टल माल्टचं तसं नाही. तो दाणा ओला असतानाच आतल्या आत शिजवतात. सालीच्या आतच त्याची साखर होते आणि ती भाजून घट्ट बसते. तिचा मोठा भाग यीस्टला पचत नाही, म्हणून तो पेल्यापर्यंत येतो. टॉफी लागते ती हीच. त्याने रंग सोपा मिळतो आणि कोरडेपणा जातो.

या नव्या बिअरचा व्हिएन्नाच्या बेकऱ्यांना फटका बसला, हे बिअरच्या इतिहासात सहसा कुणी सांगत नाही. बेकरीवाले वर येणारं यीस्ट ब्रुअऱ्यांतून आणत. त्यावर त्यांचे गोडसर, हलके छोटे पाव चालत. एकेक ब्रुअरी तळाच्या यीस्टकडे वळू लागली तसा त्यांचा पुरवठा आटला. तळाचं यीस्ट कडसर, त्याने पाव चांगला फुगेना. पाववाल्यांच्या संघाने यावर उपाय शोधणाऱ्याला बक्षीस लावलं. ते मिळवलं आडोल्फ इग्नाझ माउटनरने. तो बोहेमियातून आलेला ज्यू ब्रुअर, १८४० मध्ये व्हिएन्नाच्या सांक्ट मार्क्स भागात ब्रुअरी चालवायला आला होता. ब्रुअरीच्या फेसावर अवलंबून न राहता धान्याच्या मॅशवर खास वाढवलेलं, धुऊन दाबून वडी केलेलं यीस्ट त्याने काढलं. बेकरीत मिळणाऱ्या यीस्टच्या वडीचं कूळ शोधत गेलं तर श्वेखाटच्या तांबूस बिअरपाशी असं पोचता येतं.

यीस्टचा पुढचा प्रवासही झेडलमायरशी जोडलेला आहे. कोपनहेगनच्या याकोब क्रिस्टियन याकोब्सेनने १८४५ मध्ये म्युनिकहून स्पाटेनचं यीस्ट पत्र्याच्या डब्यांतून घोडागाडीने नेलं. वाटेत जिथे जिथे गाडी थांबे तिथे डब्यांवर गार पाणी ओतून त्याने ते जगवलं. त्याच्याच कार्ल्सबर्ग ब्रुअरीत १८८३ मध्ये एमिल क्रिस्टियन हान्सेनने एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवून दाखवलं आणि ते सगळ्यांना खुलं केलं. आज माझ्याकडे पाकिटातून येणारं लागर यीस्ट त्या रांगेतलं आहे. हे यीस्ट दोन जातींचा संकर आहे. एक जात ओळखीची, पावाची. दुसरी थंडी सोसणारी. ती कुठली, हे २०११ पर्यंत कोडं होतं. त्या वर्षी ती पॅटागोनियातल्या जंगलात, झाडांवरच्या गाठींवर सापडली. पुढे तिबेट आणि आयर्लंडमध्येही तिचा पत्ता लागला.

ड्रेहरची भरभराट १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात डोळ्यांत भरली. बर्फ भरलेल्या डब्यांतून रेल्वेने व्हिएन्नाची बिअर पॅरिसला पोचली आणि पॅरिसकरांनी ती उचलून धरली. ते पाहायला पहिला आंटोन नव्हता. तो १८६३ मध्ये गेला होता. तोवर आजच्या बुडापेस्टमधल्या कोबान्याला आणि बोहेमियातल्या हॉप्सच्या मुलखात मिखोलूपला त्याच्या ब्रुअऱ्या उभ्या होत्या. मुलाने, त्याचंही नाव आंटोनच, १८६९ मध्ये त्रिएस्तेची ब्रुअरी जोडली. म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्टमध्येही ही बिअर शिरली. १८७२ मध्ये शॉटेनहामेल या खानावळवाल्याची नेहमीची बिअर कमी पडली, तेव्हा गाब्रिएलचा भाऊ योसेफ झेडलमायर याने व्हिएन्ना पद्धतीने घातलेली कडक मेर्झेन त्याने महाग दराने विकली आणि लोकांनी ती आवडीने घेतली. पुढे कित्येक वर्षं ऑक्टोबरफेस्टची बिअर म्हणजे हीच तांबूस मेर्झेन.

त्रिएस्तेपाशी मी थोडी थांबते, कारण आमच्यासारख्या उष्ण प्रदेशातल्या ब्रुअरला ते गाव जवळचं वाटतं. अॅड्रियाटिकच्या काठचं हे बंदर. इथून ऑस्ट्रियन लॉइडची जहाजं सुएझमार्गे मुंबईला येत. श्वेखाटला हिवाळ्यात तळी गोठत, बर्फ कापून तळघरं भरता येत. त्रिएस्तेला तसा बर्फ कुठला? आणि लागरला तर आठवडेच्या आठवडे शून्याच्या आसपास ठेवावं लागतं. म्युनिकचे प्राध्यापक कार्ल फॉन लिंडे थंडी पैदा करणारं यंत्र बनवत होते. त्यांना पाठबळ मिळालं ते बिअरवाल्यांचं. स्पाटेनने पहिल्या प्रयोगाला जागा दिली आणि अमोनियावर चालणारं सुधारलेलं यंत्र १८७७ मध्ये ड्रेहरच्या त्रिएस्तेच्या ब्रुअरीत बसलं. ते १९०८ पर्यंत चाललं. तेव्हापासून लागर ही थंड मुलखाची मक्तेदारी राहिली नाही. मे महिन्यात पुण्यात बाहेर ४० अंश असताना माझी टाकी एका अंशावर उभी राहते, ती याच मार्गाने.

मग ही बिअर तिच्या गावातूनच का गेली? पिल्सेनच्या सोनेरी बिअरची लाट आली, हे मुख्य कारण. फिकट बिअर म्हणजे आधुनिक, हे समीकरण युरोपभर बसलं आणि व्हिएन्नाच्या ब्रुअऱ्यांनीही भट्टी मंद करायला सुरुवात केली. १९१३ मध्ये श्वेखाट, सिमरिंग आणि सांक्ट मार्क्स इथल्या ड्रेहर, माउटनर, माइखल घराण्यांच्या ब्रुअऱ्या एकत्र आल्या. वर्षभरात महायुद्ध, धान्याची टंचाई, पाणचट बिअर. १९१८ मध्ये साम्राज्य मोडलं तेव्हा ड्रेहरांच्या एका धंद्याच्या चार ब्रुअऱ्या ऑस्ट्रिया, हंगेरी, चेकोस्लोव्हाकिया आणि इटली अशा चार देशांच्या हद्दींत पसरलेल्या होत्या. हंगेरीत आणि इटलीत ड्रेहर हे नाव आजही बाटलीवर आहे. त्या बाटल्यांतली मुख्य बिअर सोनेरी आहे.

तांबूस बिअर टिकली ती मेक्सिकोत. तिथे ती ऑस्ट्रियाच्या माक्सिमिलियनबरोबर गेली, असं सर्रास सांगतात. माक्सिमिलियन १८६४ ते १८६७ मेक्सिकोचा सम्राट होता आणि शेवटी गोळ्या घालून मारला गेला. ही गोष्ट मला पटत नाही. त्या तीन वर्षांच्या धुमश्चक्रीत, यंत्राचा बर्फ नसताना, लागरचा धंदा रुजणं कठीण. व्हेराक्रूझ ते मेक्सिको सिटी रेल्वे १८७३ मध्ये सुरू झाली, मागून बर्फाची यंत्रं आली आणि त्यानंतरच लागरच्या ब्रुअऱ्या उभ्या राहिल्या. तोलुकाच्या ब्रुअरीत सान्तियागो ग्राफ हा स्विस वंशाचा माणूस होता. त्याच रेल्वेच्या वाटेवर ओरिसाबाला मोक्तेसुमा ब्रुअरीत विल्हेल्म हासे हा जर्मन ब्रुअर होता. येणाऱ्या शतकाच्या स्वागतासाठी त्याने १८९७ मध्ये जी बिअर काढली, तिला रोमन अंकांतल्या विसावरून दोस एकीस म्हणतात. मोदेलो ब्रुअरीची नेग्रा मोदेलो १९२० च्या दशकातली. ग्राफ आणि हासे यांच्या काळी जर्मन मुलखात व्हिएन्ना बिअरचा जोर होता. तिथली रीत शिकलेल्या माणसांनी ती नव्या देशात चालू ठेवली आणि पिल्सनरची लाट त्यांच्यापर्यंत उशिरा पोचली. आजच्या मेक्सिकन तांबूस बिअरमध्ये मका वगैरे मिसळतात, त्या गोडसरही झाल्या आहेत. तरी मधली सत्तर-ऐंशी वर्षं जगात कुठे तांबूस लागर सहज विकत मिळत होती तर ती मेक्सिकोत, आणि हे ऋण मी मानते.

अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. तिच्यानंतर उरल्या त्या मोठ्या कंपन्या आणि फिकट बिअर. १९७८ मध्ये घरी बिअर बनवणं कायद्याने मोकळं झालं आणि स्वयंपाकघरांतून नवे ब्रुअर निघाले. बोस्टनची सॅम्युअल अॅडम्स १९८५ मध्ये आली. न्यूयॉर्कची ब्रुकलिन लागर १९८८ मध्ये. ती काढणारा स्टीव्ह हिंडी आधी असोसिएटेड प्रेसचा मध्यपूर्वेतला वार्ताहर होता. दारूबंदी असलेल्या देशांत नेमणुकीवर असलेले मुत्सद्दी घरीच बिअर करत, त्यांच्याकडून त्याने हा छंद घेतला. त्याच वर्षी क्लीव्हलंडला ग्रेट लेक्स ब्रुअरी सुरू झाली. तिच्या तांबूस लागरला एलियट नेस हे नाव आहे, दारूबंदीच्या काळात शिकागोत दारूवाल्यांमागे लागलेल्या अधिकाऱ्याचं. या पिढीने तांबूस लागरला जीवदान दिलं. पण घरगुती ब्रुअरला तेव्हा युरोपातलं व्हिएन्ना माल्ट सहज मिळत नसे. फिकट माल्टमध्ये मूठभर क्रिस्टल माल्ट टाकलं की रंग जुळे. टॉफी इथून शिरली आणि मग नव्या पिढीला तीच या बिअरची ओळख वाटू लागली.

स्पर्धांत चालणाऱ्या, बीजेसीपी या बिअर परीक्षकांच्या संस्थेच्या नियमावलीत मात्र ठळक कॅरमेल किंवा भाजका स्वाद व्हिएन्ना लागरला शोभत नाही, असंच म्हटलं आहे. अल्कोहोल ४.७ ते ५.५ टक्के, कडूपणा १८ ते ३० आयबीयू, म्हणजे मध्यम. गुण पन्नासपैकी. वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडातल्या पोताला ५, एकूण परिणामाला १०. दिसण्याला फक्त ३ आहेत हे मला फार योग्य वाटतं, कारण माणूस सगळ्यात लवकर फसतो तो रंगाला.

मी पेला सात-आठ अंशांवर घेते. फ्रिजमधून नुकत्याच काढलेल्या गारढोण बिअरला वास नसतो. पेला ओतला की आधी नाक, कारण पहिल्या अर्ध्या मिनिटात जे उडून जातं ते पुन्हा मिळत नाही. तळहाताने पेल्याचं तोंड झाकायचं, हलकेच फिरवायचं, हात काढून दोन-तीन छोटे हुंगार. पावाची कड यायला हवी. उकडलेल्या मक्याचा वास आला तर वर्ट नीट उकळला गेला नाही किंवा सावकाश गार झाला. हिरव्या सफरचंदाचा आला तर बिअर तरुण आहे, घाईने काढली. ओल्या पुठ्ठ्याचा आला तर हवा लागली. लोण्याचा आला तर डायॅसिटिल, यीस्टने मागे सोडलेलं रसायन. मग पांढऱ्या कागदापुढे धरून रंग, फेस, नितळपणा. मग घोट. वाइनचे परीक्षक थुंकतात, आम्ही गिळतो. बिअरचा कडूपणा गिळल्यानंतर पुरता कळतो आणि व्हिएन्ना लागरचा निकाल तिथेच लागतो. माल्टची भरघोस चव आली, मग बोहेमियातल्या झाटेट्सच्या हॉप्सचा तो मवाळ, गवतासारखा कडूपणा आला आणि दोन्ही एकत्र विरून तोंड कोरडं झालं, तर ती तिच्या कुळाला धरून आहे. विरायच्या ऐवजी गोडी चिकटून बसली तर मी लिहिते, क्रिस्टल माल्ट.

आमच्याकडे ही बिअर क्वचित होते. २००९ मध्ये पुण्यात डूलॅली सुरू झालं. देशातल्या सुरुवातीच्या मायक्रोब्रुअऱ्यांत ते मोडतं. तेव्हापासून पुण्या-मुंबईत गव्हाची बिअर, स्टाउट, आयपीए यांची छान परंपरा पडली आहे. या सगळ्या दोन-तीन आठवड्यांत पेल्यात येतात. लागर टाकी दीड-दोन महिने अडवून ठेवते आणि टाकी अडली की मालकाचा जीव अडतो, हे मी समजू शकते. दहा अंशांवर आंबवण, शेवटी दोन दिवस थोडी ऊब, म्हणजे यीस्ट स्वतःच लोण्याचा वास खाऊन टाकतं, मग एका अंशावर शांत ठेवणं. ऊब पुरेशी झाली का ते आम्ही साध्या रीतीने पाहतो. दोन झाकलेले पेले. एक ६० ते ७० अंशांच्या गरम पाण्यात वीसेक मिनिटं ठेवायचा, दुसरा तसाच. गरम पेला गार करून दोन्ही हुंगायचे. बिअरमध्ये दडलेलं डायॅसिटिल तापाने उघडं पडतं. टाकीवर काम करणारा आमचा सहकारी सांगली भागातला आहे, त्याचं नाक माझ्यापेक्षा तल्लख. त्याने पेला खाली ठेवून म्हटलं, “ताई, लोणी गेलं नाही अजून. राहू द्या तिला.” आम्ही राहू दिली.

श्वेखाटच्या ब्रुअरीने तांबूस लागरला १७५ वर्षं झाल्याच्या निमित्ताने २०१६ मध्ये आपली व्हिएन्ना लागर पुन्हा बाजारात आणली. व्हिएन्नातल्या इतर ब्रुअऱ्याही आता ती करतात. आपल्याकडचे तरुण ब्रुअरही तिच्याकडे वळू लागले आहेत आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. मध्यंतरी एका तरुण ब्रुअरच्या गुणपत्रिकेवर मी लिहिलं होतं की क्रिस्टल माल्ट पूर्ण काढा, सगळं व्हिएन्ना माल्ट घ्या, मॅशचा दाट भाग निदान एकदा तरी वेगळा काढून उकळा आणि टाकीत आणखी तीन आठवडे द्या. स्पर्धा संपल्यावर तो मला शोधत आला. म्हणाला, “मॅडम, वेळ देईन मी. पण क्रिस्टल काढलं तर रंग पडेल, परीक्षक गुण कापतील.” नुसत्या व्हिएन्ना माल्टची बिअर गडद सोनेरी ते फिकट तांबूस येते, त्याचं म्हणणं खरं होतं. मी त्याला सांगितलं की दिसण्याला तीनच गुण आहेत, त्यातला एक जाऊ द्या, चवीच्या विसांत तो वसूल होईल. त्याने वहीत माल्टचं प्रमाण लिहून घेतलं आणि उकळायला किती भाग काढायचा ते विचारलं. एक तृतीयांश, सगळ्यात दाट, तळाचा.